सोमवारची सही

चिखल तुडवताना बोलू नये, दम जातो, असं म्हाताऱ्याचं ठाम मत होतं. आणि हे मत तो रोज चिखल तुडवताना अखंड बोलून सांगायचा.

"टाच आधी. टाच टाक. बोटांनी काय कुरवाळतोस, मातीला गुदगुल्या होतायत."

"टाचच टाकतोय," खांब म्हणाला.

"सरकारी टाच आहे ती. अकरा वर्षं बुटात राहून नाजूक झाली."

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला खांबाची बायको कपडे गुडघ्यावर खोचून गोल गोल फिरत होती. ती बोलत नव्हती. तिचा दम खरोखरच कामाचा होता.

खांब हे काही त्याचं नाव नव्हतं. सहा फूट दोन इंच उंची आणि अंगावर मांस बेताचं, म्हणून सरहद्दीच्या चौकीवर सगळे त्याला खांब म्हणत. पुढे घरातही तेच रुळलं. आता तर आरोपपत्रातही "उर्फ खांब" असं छापून आलं होतं. म्हाताऱ्याला ते वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "छापलं ना? मग आता बदलता यायचं नाही."

वीटभट्टी घरचीच होती. तळ्याकाठी माती कालवायची, तुडवायची, साच्यात थापायची, वीट जमिनीवर उलटी करायची, आणि ओली आहे तोवर कोपऱ्यात अंगठा दाबायचा. तो अंगठा म्हाताऱ्याचा, खांबाच्या बापाचा. मुलूखभर कितीतरी भिंतींत त्याचा अंगठा होता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "वीट फुटली तर शिव्या कोणाला घालायच्या ते गिऱ्हाइकाला कळायला नको?"

यंदा तळं लवकर आटत होतं. गेल्या महिन्यात जिथे कमरेएवढं पाणी होतं, तिथे आता बगळे चालत होते. भट्टी भरायला अजून सहा हजार विटा हव्या होत्या आणि पाणी फार तर दहा दिवसांचं. म्हाताऱ्याच्या छातीत राख बसलेली, वीस पावलं चालला की तो खोकण्यासाठी थांबायचा. हात हवे होते. तरणे हात. ते घरातच होते, पण साडेसात वाजले की त्यांना सायकल धरावी लागायची.

"निघा," बायको म्हणाली. "पाय नीट धुवा. काल नखात राहिला होता."

"नखं कोण बघतंय?"

"तुमचा तो कारकून बघतो. तुम्हीच म्हणालात, त्याला दुसरं काम नाही."

खांब सस्पेंड होता. सस्पेंड माणसाला काम नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सस्पेंड होऊन बघावं. आठ मैलांवरच्या छावणीत नऊ वाजता सही करायची. संध्याकाळी पाचला दुसरी. मधल्या वेळात कधी बोलावलं तर सापडावं म्हणून कचेरीबाहेरच्या बाकावर बसायचं. आणि या काळात दुसरं कुठलंही काम करायचं नाही, घरचं असलं तरी. केलं तर तो वेगळा आरोप. चाळीस दिवस तो हेच करत होता. मी कुठेही काम करत नाही, हे दिवसातून दोनदा लिहून द्यायचं, एवढंच त्याचं काम.

झालं होतं असं. सरहद्दीच्या तारेवर चौथ्या टॉवरला खांबाची दिवसपाळी. चौकीवर हजेरीची वही एकच. प्रत्येकाने पाळीवर चढताना रोज त्या वहीत सही करायची, असा नियम. आता लोक रोज सही करतात की नाही हे तपासायला ती वही दर मंगळवारी टपालाच्या गाडीने छावणीत जायची आणि शनिवारी परत यायची. म्हणजे मंगळवार ते शनिवार सही करायला वहीच नसायची. त्यामुळे सोमवारी सकाळी सगळे रांगेत उभे राहून येत्या आठवड्याच्या सह्या एकदम करून टाकत. चौकीचा प्रमुख जमादार स्वतः शेजारी उभा राहून म्हणायचा, "शाई एकसारखी दिसू देऊ नका रे. शुक्रवारची जरा घाईत करा." ही पद्धत खांब नोकरीला लागला त्याच्या आधीपासूनची होती. छावणीतून दरवर्षी शेरा यायचा: हजेरी समाधानकारक.

त्या आठवड्यात बुधवारी खांबाला ताप भरला. गुरुवारी तो आजारी खोलीत खाटेवर पडून होता. पण वहीत गुरुवारी चौथ्या टॉवरवर त्याची सही होती, म्हणून जमादाराने दुसरा माणूस चढवला नाही. वहीत माणूस असताना आणखी एक कशाला? दुपारी तारेचं फाटक वाऱ्याने उघडलं आणि एका दूधवाल्याच्या चौदा म्हशी शांतपणे परदेशी गेल्या. पलीकडच्या लोकांनी तिसऱ्या दिवशी पावती घेऊन तेरा परत केल्या. चौदावीची गोष्ट पार राजधानीपर्यंत गेली. मग कोणीतरी जबाबदार लागला.

छावणीत कारकुनाने वही पुढे सरकवली आणि टेबलावरून वाकून खाली पाहिलं.

"पिंडरीवर काय आहे ते?"

"रस्त्याची धूळ, साहेब."

"आपल्या रस्त्याची धूळ तांबूस आहे. हे काळं आहे." कारकून उठला. टेबलावरची पट्टी घेऊन तो खांबासमोर उकिडवा बसला आणि पट्टीच्या कडेने त्याच्या पिंडरीवरचा खपली झालेला चिखल खरवडू लागला. खांब ताठ उभा. पट्टी केसांत अडकत होती. दारातून दोन शिपाई बघत होते, त्यांतल्या एकाला खांबाने नेमबाजी शिकवली होती. कारकुनाने चिखल कागदात घेतला, पुडी बांधली, वर तारीख घातली.

"कशाला, साहेब?"

"नमुना. बरं, ही नोटीस घे. सोमवारी तुझी चौकशी सुरू. चार दिवस चालणार. तुला बाजू मांडायला मदतनीस घेता येतो. तुझ्या मर्जीचा. हक्क आहे तुझा."

"मग मोटार विभागातला तो शिकलेला..."

"तो कामात आहे."

"शस्त्रागारातला?"

"तोही. मर्जी तुझी, पण माणूस मोकळा पाहिजे." कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं. "आचारी दुपारी दोन ते चार मोकळा असतो. लिहू?"

आचारी जाडजूड, पन्नाशीचा. पूर्वी चौकीवर असायचा, याच महिन्यात छावणीत आला होता. खांब गेला तेव्हा तो कांदे चिरत होता. आरोपपत्राची पानं त्याने ओल्या हाताने उलटली, दोन पानं एकमेकांना चिकटली, ती तशीच राहू दिली.

"वाचलं," तो म्हणाला. "तू दोन्हीकडून गेलास."

"म्हणजे?"

"तू टॉवरवर होतास तर म्हशी कशा गेल्या? नव्हतास तर सही कशी आली? पहिल्यात निष्काळजी, दुसऱ्यात लबाड. निष्काळजी माणसाला शिक्षा करून ठेवून घेतात. लबाडाला घरी पाठवतात." त्याने डोळे पुसले. कांद्याचंच होतं. "तू आजारी होतास हे खरं ना?"

"तूच तर पातळ भात पाठवलास."

"पाठवला. माझ्या वहीत आहे. गुरुवार, आजारी खोली, पातळ भात, एक. मीठ कमी." ती तेलकट वही त्याने फळीवरून काढून दाखवली. "कंपाउंडरकडे काही नोंद?"

"नाही. तो फक्त गोळी दिलेल्यांची नोंद करतो. गोळ्या संपल्या होत्या."

"मग सरकारी हिशेबाने त्या महिन्यात कोणी आजारीच नव्हतं," आचारी म्हणाला. "आता तुझ्या बाजूने जगात एक माझा भात आहे. तो दाखवला तर तू लबाड. नाही दाखवला तर निष्काळजी. काय करू?"

घरी खांबाने हे सांगितलं तेव्हा तिघं दिवसभराच्या विटा उभ्या करून वाळत लावत होते. बायको म्हणाली, "त्यात विचार कसला? वही जागेवर नसायची, म्हणून सगळे सोमवारी सह्या करायचे. सांगून टाका."

"सगळे अडकतील."

"सगळे कुठे अडकतायत? तुम्ही एकटेच अडकलायत."

"जमादाराची पुढच्या महिन्यात पेन्शन आहे."

"आणि आमचं?" ती म्हणाली. तिने सासऱ्याकडे पाहिलं. तो एका विटेवर हात टेकून खोकत होता आणि ओल्या विटेत त्याचा अख्खा पंजा उमटला होता. "नोकरी गेली तर हा खड्डा आहे. ह्यांच्यानंतर तुम्ही, तुमच्यानंतर मी. तो जमादार येणारे का माती तुडवायला?"

म्हाताऱ्याने खोकला आवरला. पंजा उमटलेली वीट मोडून परत चिखलात टाकली. "जे झालं ते सांग," तो म्हणाला. "खोटं लक्षात ठेवायला डोकं लागतं. ते तुझ्याकडे आईकडूनही आलं नाही."

सोमवारी दुपारी जमादार बाकावर शेजारी येऊन बसला. याच माणसाने खांबाला उभ्या उभ्या झोपायला शिकवलं होतं, आणि एकदा वादळात स्वतःचा कोट दिला होता. त्याने आधी आपलेच बूट पाहिले.

"मला काही विचारायला लावू नकोस," तो म्हणाला.

"खरं तेवढंच विचारणार."

"तेच म्हणतोय मी."

दोन वाजता आत बोलावलं. टेबलामागे तीन साहेब. मधल्या मोठ्या साहेबांचा उजवा गाल सुजलेला. त्यांची दाढ तीन दिवस ठणकत होती, आणि दाताचा डॉक्टर शहरात, आणि शहराकडे जाणारी टपालाची गाडी मंगळवारी पहाटे. माणूस वाईट नव्हता. खांबाला त्यांनी बसायला सांगितलं. मग लक्षात आलं की खुर्ची नाही, तेव्हा म्हणाले, "बरं, उभाच राहा, पण आरामात."

पहिला साक्षीदार दूधवाला. "चौदावी कुठाय?" हेच त्याने साक्ष म्हणून सांगितलं.

"टॉवरवर कोणी होतं का?" डाव्या साहेबांनी विचारलं.

"मी म्हशींकडे बघत होतो."

"मग म्हशी गेल्या कशा?"

"त्यांच्याकडेच बघत होतो, म्हणून सांगतो, चालत गेल्या."

मग कारकुनाने पुडी उघडून टेबलावर ठेवली. सस्पेंड असताना आरोपी विटा पाडतो याचा नमुना. पंख्याच्या वाऱ्याने चिखलाची पूड उडाली आणि मोठ्या साहेबांच्या चहात गेली. त्यांनी कप बाजूला सारला. पुरावा तिथेच संपला, पण कारकुनाने नोंद केली: पाहिला.

मग आचारी उठला. एप्रन काढायचा विसरला होता. आपली वही त्याने अदबीने उघडली. "साहेब, गुरुवारी हा आजारी खोलीत होता. पातळ भात, एक. मीठ कमी."

"मग सही?" मोठे साहेब म्हणाले.

आता बोलायचं होतं ते खांबाने. त्याला बायकोचं तोंड आठवलं, आणि त्याने सगळं सांगितलं. वही मंगळवारी निघते, शनिवारी येते, सह्या सोमवारी होतात, सगळ्यांच्या, रांगेत. सांगताना त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, किती कमी वेळ लागला.

मोठ्या साहेबांनी गालावरचा हात काढला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं ऐकलं होतं. "वही इथे मंगळवारी येते? मग इथल्या आवक वहीत तारीख असेल. ती बघू. वही गुरुवारी इथे होती असं निघालं, तर चौकीवर त्या दिवशी कोणीच सही केलेली नाही. मग प्रश्न ह्याचा एकट्याचा राहत नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "काय जमादार?"

जमादार ताठ उभा होता. "मला आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की कारकुनाने पुन्हा विचारलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"असू दे. आवक वही आणा."

आवक वही कारकुनाच्या मागच्या कपाटात होती. लाल पाठीची. काचेतून दिसत होती. खांबाला तिथून तिच्यावरचं वर्षही वाचता येत होतं.

"साहेब, ती पुराव्याच्या यादीत नाही," कारकून म्हणाला.

"मग घाला."

"यादीत घालायला वरची मंजुरी लागते. त्यासाठी अर्ज करावा लागेल."

"करा."

"अर्जाला चौकशीचे पूर्ण कागद जोडावे लागतात, साहेब. चारही दिवसांचे."

मोठे साहेब कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांची दाढ ठणकली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. उजवे साहेब हळूच म्हणाले, "गाडी पहाटे आहे. नाहीतर पुढच्या मंगळवारी."

"पुढच्या मंगळवारपर्यंत मी जगणार नाही," मोठे साहेब म्हणाले. ते खरंच तसं वाटत होते. "बरं. चार दिवसांचे कागद आजच पूर्ण करा."

कागद तयारच होते. चार पानं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. प्रत्येकाखाली छापलेलं: आजचे कामकाज आरोपीसमक्ष झाले, वाचून दाखवले, समजले, अधिक काही सांगायचे नाही. तिन्ही साहेबांच्या सह्या चारही पानांवर आधीच होत्या. कारकुनाने त्या सकाळीच घेऊन ठेवल्या होत्या. गुरुवारची जरा घाईत केलेली दिसत होती.

खांबाच्या हातात पेन दिलं. सोमवारवर त्याने सही केली. मंगळवारचं पान आलं, आणि पेन थांबलं.

"साहेब, मी हेच केलं म्हणून तर इथे उभा आहे."

मोठ्या साहेबांना राग आला नाही. लहान मुलाला समजवावं तसे ते म्हणाले, "तेव्हा तू मनाने केलंस. आता आम्ही सांगतोय."

"तेव्हाही सांगितलंच होतं, साहेब."

कोणी सांगितलं ते कोणी विचारलं नाही. जमादार दारात होता, पण दाराचाच भाग असल्यासारखा.

"अरे, कर," आचारी कुजबुजला. "अर्ज तरी जाईल."

खांबाला अर्ज जायला हवा होता. नोकरी हवी होती. म्हाताऱ्याच्या छातीतली राख, बायकोच्या टाचांच्या भेगा, सगळं त्याला दिसत होतं. आणि बोटं वळत नव्हती. शूरपणा वगैरे नव्हता तो. तापातून उठलेल्या माणसाला जेवण दिसतं, पण घास उचलत नाही, तसं. त्याने पेन खाली ठेवलं.

"मी रोज येतो, साहेब. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. रोजची रोज करतो."

"ये," मोठे साहेब म्हणाले, आणि गाल धरून उठले.

मंगळवारी तो नऊची सही करून दहाला चौकशीच्या खोलीकडे गेला. कुलूप होतं. मोठे साहेब पहाटेच्या गाडीने गेले होते.

"चौकशी?" त्याने कारकुनाला विचारलं.

"चालू आहे."

"कुठे?"

"कागद गेलेत ना. तिथे."

तो कुलपासमोर बाकावर बसला. बुधवारी बसला. गुरुवारी आचारी दोन वाजता येऊन शेजारी बसला, एप्रन काढून, कारण तो अजूनही मदतनीस होता. चारपर्यंत दोघं कुलपाकडे बघत बसले. चार वाजता आचारी उठला, "आज आपण चांगलं बोललो," म्हणाला आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला गेला.

हुकूम अकराव्या दिवशी आला. कारकुनाने उभ्यानेच वाचून दाखवला. आरोपीला पुरेशी संधी दिली होती. चौकशीच्या चार दिवसांपैकी तीन दिवस आरोपी सहीअभावी गैरहजर. कर्तव्यावर गैरहजर राहण्याची सवय यावरून सिद्ध होते. सबब बडतर्फ. आवक वहीचा अर्ज, कागद अपुरे असल्याने, विचारात घेतला नाही.

"मी होतो," खांब म्हणाला. "तिन्ही दिवस. हे काय, तुमच्याच वहीत नऊच्या आणि पाचच्या सह्या आहेत माझ्या."

कारकुनाने वही उघडून पाहिलं. होत्या. तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा माणसासारखा झाला. "ही सस्पेंडची हजेरी, रे," तो म्हणाला. "चौकशीची वेगळी." मग वही फिरवून पुढे केली. "मिळाल्याची सही कर. आजच्या तारखेने."

आजचीच तारीख होती. खांबाने केली.

फाटकापाशी आचारी उभा होता. त्याने वहीतलं ते पान फाडून आणलं होतं. तेलकट, चौघडी घातलेलं. "ठेव," तो म्हणाला. "तू होतास कुठे, ह्याचा एवढाच कागद आहे." जमादार दिसला नाही. त्याच्या निरोपाच्या जेवणाची यादी आचाऱ्याकडे आली होती, असं आचाऱ्यानेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याला वाईट वाटलं.

घरी त्याला काही सांगावं लागलं नाही. सायकल दुपारीच आली, यावरून बायको समजली. ती तळ्याच्या मधोमध होती. पाणी संपलं होतं, आता तळाचा गाळ घमेल्यात भरून खड्ड्यापर्यंत वाहून आणावा लागत होता. वाटेत थांबून तिने घमेलं खाली ठेवलं, त्याच्या हातातली सायकल घेतली आणि भिंतीला लावली. मग घमेलं उचलून त्याच्या डोक्यावर दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं खड्ड्यापाशी होते. म्हातारा तुडवायला उतरला नाही. काठावर साचा घेऊन बसला, आणि पहिली वीट उलटी केल्यावर हात मागे घेतला. त्याचा अंगठा मधोमध चिरला होता, चिंधी बांधलेली.

"दाब," तो म्हणाला.

खांबाने ओल्या विटेकडे पाहिलं. "मी?"

"मग काय, कारकून येणारे का?"

"भट्टीतून नीट निघेल कशावरून? तुम्हीच म्हणता, खालच्या गाळाची वीट तडकते."

"तडकेल. अर्ध्या तडकतील." म्हाताऱ्याने पुढचा चिखल साच्यात थापला. "तरी आपल्याच. दाब, वाळायला लागली."

खांबाने वाकून कोपऱ्यात अंगठा दाबला. म्हाताऱ्याच्या खुणेपेक्षा मोठा उमटला, जरा तिरका. म्हातारा बघून "हं" म्हणाला.

ऊन वर आलं. बायको गोल गोल फिरत होती, तो तिच्या मागे, टाच आधी. साडेसात झाले असतील, आणि खांबाचा उजवा पाय आपोआप खड्ड्याच्या काठावर चढला. एक हात धुवायच्या पाण्याकडे गेला.

"कुठे?" बायको म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. एक पाय वर, एक चिखलात. पिंडरीवरून चिखल ओघळत होता, आणि तो खरवडायला आता कोणी येणार नव्हतं.

बायकोने फिरणं थांबवलं नाही. फक्त जरा आत सरकून त्याच्यासाठी कडेची जागा मोकळी ठेवली. त्याने पाय खाली घेतला.